उजवा हात साथ देत नसेल तर कॅमेरा कोणता घ्यावा

मेगापिक्सेल तूर्त विसरा. माझ्या उजव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत, तरी पहिला कॅमेरा मी नुसती फोटोंची क्वालिटी बघून घेतला. वर्षभर कपाटात धूळ खात पडला.

पकड आणि शटरचं बटण जवळपास सगळ्याच कॅमेऱ्यांना उजवीकडे असतं. डावखुरा कॅमेरा शोधत बसू नका. बटणाला हात न लावता फोटो कसा निघेल, ते बघा. दुकानात एवढं तपासा:

– स्क्रीन बाहेर वळते का? तिला स्पर्श केला की फोटो निघतो का? बोटाचं पेर टेकवलं तरी चालतं.
– मोबाइलच्या ॲपवरून शटर दाबता येतं का?
– लेन्ससकट वजन. कॅनन आर५० बॅटरी-कार्डासह सुमारे ३७५ ग्रॅम, त्याची १८-४५ मिमी लेन्स १३० ग्रॅम. सुरुवातीला याहून फार जड नको.

झूमची रिंग फिरवणं अवघड असेल तर पॉवर झूम लेन्स घ्या, ती खटक्याने सरकते.

आणि बॅटरीचं झाकण स्वतः, एका हाताने उघडून बघा. दुकानदार लगेच मदतीला धावतो, त्याला थांबवा. घरी तो नसणार. ट्रायपॉडवर (तिपाईवर) बसवायला कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने प्लेट लावतात, ती लावल्यावरही झाकण उघडायला हवं. माझं अडायचं, दर वेळी स्क्रू काढा!

ट्रायपॉडचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. तोंडाने किंवा पायाने चालणारे स्विच वगैरे नंतर बघू. आधी महिनाभर खिडकीतून फोटो काढा.