शूटआऊट संपतच नसेल तर टॉस करता येतो का?

तुम्ही विचारलंय की सेव्हन्सच्या (सात-सात जणांच्या फुटबॉलच्या) सेमीफायनलला शूटआऊटच्या, म्हणजे बरोबरी सुटायला आळीपाळीने मारायच्या, पेनल्ट्या संपेचनात, सातही जणांच्या मारून झाल्या आणि आयोजकांनी टॉस उडवून निकाल लावला, हे नियमात बसतं का. नाही बसत. फुटबॉलच्या नियमात शूटआऊटला आकड्याची मर्यादाच नाहीये. पाच-पाच झाल्या की एकेक जोडी (दोन्हीकडून एकेक पेनल्टी), आणि मॅच संपताना खेळत असलेल्या प्रत्येकाने, कीपरने सुद्धा, एकदा मारल्याशिवाय कोणालाच दुसऱ्यांदा मारता येत नाही. सगळ्यांच्या झाल्या की परत सुरू, तेव्हा मात्र क्रम बदलता येतो, हे बऱ्याच कोचना माहीतच नसतं. तुमच्याकडे सातच जण, म्हणजे आठवीलाच दुसरी फेरी.

मे २०२४ मध्ये इस्रायलच्या तिसऱ्या लेव्हलच्या प्लेऑफला दिमोना आणि शिमशोन तेल अवीव यांच्यात ५६ पेनल्ट्या झाल्या, दिमोना २३-२२ जिंकली. दोन्हीकडे अकरा-अकरा धरले तरी सहा-सहा जण तिसऱ्यांदा मारायला गेले असणार! त्याआधी मार्च २०२२ मध्ये इंग्लंडच्या खालच्या लीगमधल्या वॉशिंग्टन आणि बेडलिंग्टन टेरियर्सची ५४ वर संपली होती, २५-२४. म्हणजे ५४ मध्ये चुकल्या फक्त पाच. आपल्याकडे लोक म्हणतात पोरांना मारता येत नाही म्हणून लांबतं, पण जोडी बरोबरीत सुटायला दोघांनी गोल करायला लागतो नाहीतर दोघांनी घालवायला लागते, दहातल्या नऊ गोल करणारी पोरं असतील तर शंभरातल्या ८२ जोड्या बरोबरीत सुटतात आणि निम्म्याच गोल करणारी असतील तर पन्नास. मारणारे चांगले असले की जास्त लांबतं.

देवळाली कॅम्पकडच्या एका मैदानावर मी अशाच सेव्हन्सला लाईन्समन होतो, डिसेंबर महिना, सव्वासहा वाजलेले, बॉल नुसता पांढरा ठिपका दिसत होता. पोरांनी बाईक आणून हेडलाईट लावले, आधी मारणाऱ्याच्या मागे लावले तर कीपरचे डोळे दिपायला लागले, मग गोललाईनच्या बाजूला आडवे लावले तेव्हा कुठे जमलं. आयोजक सारखे म्हणत होते, दादा छापाकाटा करून टाका. तेवढ्यात चार नंबरचा पोरगा परत मारायला आला. माझ्या वहीत नऊ नंबरसमोर काहीच नव्हतं. मी आवाज दिला तर नऊ नंबर मागे बूट काढून बसलेला, त्याला वाटत होतं आपलं नाव निघूच नये. त्याचे हात इतके थरथरत होते की लेस बांधता येईना, शेवटी त्यांच्याच कीपरने ग्लोव्हज काढून गुडघ्यावर बसून बांधून दिली. पोराने मारली, समोरच्या कीपरच्या बोटांना लागून आत गेली. वही नसती तर चार नंबरने मारली असती आणि समोरच्या टीमने तक्रार केली असती, ती पण बरोबर.

म्हणून पुढच्या वेळी एक माणूस फक्त जर्सी नंबर लिहायला बसवा, रेफ्रीच्या डोक्यावर सोडू नका. हिवाळ्यात नॉकआऊट साडेतीनलाच सुरू करा. आणि आयोजकांना टॉस ठेवायचाच असेल तर किती पेनल्ट्यांनंतर ते एन्ट्री घेतानाच कागदावर लिहून द्यायला लावा, दोन्ही कॅप्टनची सही घेऊन. तुमच्या पोरांच्या बाबतीत मधेच ठरवलं, ते अजिबात बरोबर नव्हतं.