पाव नळी उरली की पेन ठिपके का टाकतो

निब लगेच बदलू नका. तुम्ही लिहिलंय की ड्रॉपरने भरायचा पेन भरलेला असताना सुरेख चालतो आणि शाई पाव नळी उरली की वहीवर टपकन ठिपका पाडतो. मी वर्षानुवर्षं असेच पेन वापरतोय. हे दुखणं निबचं नाही, नळीतल्या हवेचं आहे.

शाई वजनाने खाली उतरते असं वाटतं खरं, पण तसं असतं तर टोपण काढताच नळी रिकामी झाली असती. तिला धरून ठेवतो पृष्ठताण, आणि नळी वरून बंद असल्याने आतल्या हवेचा किंचित कमी दाब. शाई बाहेर पडायची तर तेवढी हवा आत यायला हवी. ती येते निबखालच्या जिभेच्या, म्हणजे शाई निबपर्यंत नेणाऱ्या तुकड्याच्या, खाचांमधून. लुईस वॉटरमनने १८८४ साली अमेरिकेत पेटंट घेतलं ते अशाच खाचा असलेल्या जिभेचं. पारदर्शक नळीचा पेन असेल तर लिहिता लिहिता बघा: जिभेच्या मागच्या टोकाशी बारीक बुडबुडा फुगतो, सुटतो आणि वर जातो. तेवढी शाई वहीत गेलेली असते.

आता तुमचा ठिपका. नळीत २ मिली हवा आहे आणि हाताच्या उबेने ती २५ अंशांवरून ३५ वर गेली, तर ती साधारण ३ टक्क्यांनी फुगते, म्हणजे ०.०७ मिली. पाण्याची वाफ वाढते ती वेगळीच. ड्रॉपरचा एक थेंब ०.०५ मिलीच्या आसपास असतो, म्हणजे थेंबापेक्षा जास्त शाई बाहेर ढकलली जाते. नळी भरलेली असताना हवा जेमतेम ०.२ मिली, तिचं फुगणं जीभ सहज पचवते. जिभेच्या पोटाशी कंगव्यासारख्या चकत्या असतात त्या याचसाठी, जादा शाई अडवायला. एबोनाइटच्या (कडक रबराच्या) साध्या जिभेला त्या थोड्याच असतात.

म्हणून शाई तिसरा हिस्सा उरली की भरून घ्या. लिहायच्या आधी पेन मिनिटभर निब वर करून मुठीत धरा, फुगलेली हवाच आधी बाहेर जाईल. खिशातही निब वरच हवी. तरीही गळत असेल तर नळीचे आटे बघा. तिथून हवा शिरली की सगळा हिशेब बिघडतो. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा.

शाई कागदावर फुटते, पसरते असंही म्हणालात, तो कागदाचा गुण. निबच्या फटीतून शाईला ओढतात कागदाचे तंतू, कारण त्यांच्यामधल्या पोकळ्या फटीपेक्षाही बारीक. चांगल्या वहीच्या कागदाला खळ दिलेली असते, ती ही ओढ आवरते. टिपकागदाला खळच नसते. आणि पानाच्या खालच्या भागात पेन मध्येच अडतो, तिथे तळहाताचं तेल लागलेलं असतं. हाताखाली एक कोरा कागद ठेवून लिहून बघा.