बॉल पायथनच्या टाकीतली ह्युमिडिटी, जळगावच्या उन्हाळ्यात

हे बघ भो, तुझ्या बॉल पायथनची (पाळायचा बिनविषारी आफ्रिकन अजगर) कात तुकड्यातुकड्यात निघतेय म्हणतोस, तर बहुतेक वेळा टाकीत हवा कोरडी असते, सापाला आजार नसतो, आधी घाबरणं सोड. बॉल पायथनला ६० ते ७० टक्के तरी ह्युमिडिटी, म्हणजे हवेतली ओल, लागते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवेत ओल अशी राहतच नाही. काट्यावालं मीटर काढून टाक, ते खोटं दाखवतं, डिजिटल घे अन् त्याचा प्रोब (वायरीच्या टोकाचा सेन्सर) खाली थंड बाजूला ठेव.

दिवसातून चारदा स्प्रे मारतोस ना, ते बंद कर. वरवर ओलं होतं, तासाभरात सुकतं, आणि सतत ओल्यावर बसून पोटाचे खवले सडतात ते वेगळंच. त्यापेक्षा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन-चार इंच थर दे, पाणी कोपऱ्यातून खाली ओत, म्हणजे खालचा थर ओला अन् वरचा कोरडा राहतो. वरची जाळी बरीचशी फॉइलने झाक, थोडी उघडी ठेवच, कोंदट हवेत श्वासाचा त्रास होतो. लपायच्या एका डब्यात ओलं मॉस (शेवाळ) टाक. डोळ्यावरची अडकलेली कात नखाने अजिबात काढू नको, प्लीज, डोळा जाईल, पुढच्या कातीला बहुतेक निघते, नाहीच निघाली तर व्हेट.

मे महिन्यात मात्र खोलीच ४० च्या वर जाते, तेव्हा हीट मॅट (टाकी गरम ठेवणारी चटई) बंद आणि कूलर चालू, ओल पण मिळते. पावसाळा लागला की पाणी ओतणं जवळपास थांबव, मीटर बघूनच ठरव.

आणि परदेशी प्राणी पाळायचा तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, ती केलीस ना?