पुढील स्टेशन मुलुंड

ठाण्यात नऊ वर्षं बालवाडी चालवली, आता मेलबर्नला यायचंय, तर इथे मुलांच्या 'नोंदी' म्हणजे नक्की काय लिहायचं, असं विचारलंस. ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. व्हिसा, फी, इंग्रजीची परीक्षा हे सगळं सरकारी साइटवर आहे.

आधी एक काम कर. प्रात्यक्षिकाचे दिवस किती आणि कोणत्या वयाच्या मुलांबरोबर, हे कॉलेजकडून लेटरहेडवर लिहून घे. अकेक्वा, म्हणजे इथली बालशिक्षणाची राष्ट्रीय संस्था, पात्रता तपासताना तेच बघते. माझ्या कॉलेजातल्या क्लार्कने चौथ्या खेपेला पत्र दिलं, तेही 'कामगिरी समाधानकारक' एवढंच. अजून चीड येते.

आता नोंदी. नौपाड्यात आपण वर्षातून दोनदा 'गाणी आवडीने म्हणतो' लिहून शिक्का मारायचो. इथे २०१२पासून बालवाड्या-पाळणाघरांसाठी राष्ट्रीय दर्जाची चौकट आहे. तिचे सात विभाग, आणि पहिलाच शैक्षणिक कार्यक्रमाचा. मुलाने काय केलं, त्यातून तुला काय कळलं, मग तू काय मांडलंस, पुढे काय झालं, हा धागा कागदावर दिसावा लागतो. फोटोखाली 'खूप मजा आली' चालत नाही. मी सहा महिने तेच लिहीत होते. केंद्राला मिळालेला शेरा दारातच लावायचा असतो, त्यामुळे तपासणी जवळ आली की सगळ्यांची झोप उडते. मला नोंदींसाठी आठवड्याला दोन तास मिळायचे, बाकीचं रात्री भांडी झाल्यावर.

हे काही परकं नाही गं. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, कोसबाडला, पोरं गुरांमागे जातात म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढली. आधी पोर काय करतंय ते बघा, मग शाळा मांडा. इथे तेच फॉर्म भरून करायचं.

एकटेपणाचं विचारलंस. येतो, जातो.

माझा मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा, दुसऱ्या केंद्रात. त्याच्या फाइलमध्ये एक फोटो होता, लाकडी आगगाडी घेऊन बसलेला. खाली लिहिलेलं : 'एकटाच खेळतो. शब्द वापरत नाही, आवाज काढतो.' घरी मी तीच गाडी त्याच्यापुढे ठेवली. तो मान वर न करता म्हणाला, "पुढील स्टेशन मुलुंड." मग नाहूर, मग भांडुप, मग कांजूरमार्ग, एकही न चुकता. वर्षभर तो त्या वर्गात ठाण्याहून गाडी सोडत होता आणि बाईंनी लिहिलं, आवाज काढतो. घरच्या भाषेला मान द्या, असं इथल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात स्वच्छ लिहिलंय. मी जाऊन बोलायला हवं होतं. नोकरी नवी, व्हिसा कच्चा, गप्प बसले.

आणि खरं सांगू? त्याच महिन्यात माझ्या वर्गातल्या एका व्हिएतनामी मुलीबद्दल मी लिहिलं होतं, 'शांत असते, भांडीकुंडी खेळताना पुटपुटते.' तिची आजी रोज चार वाजता न्यायला यायची. काय पुटपुटते, हे मी आजीला एकदाही विचारलं नाही.