ब्रिटनमधली लांब सायकल सफर शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला म्हणून सोडून द्यावी का?

तुमचा प्रश्न असा : ब्रिटनच्या नैऋत्य टोकावरच्या लँड्स एंडपासून ईशान्य टोकाजवळच्या जॉन ओ'ग्रोट्सपर्यंत सायकलने जायचंय, शेवटच्या आठवड्यात स्कॉटलंडमध्ये सलग पाऊस लागला तर तिथल्या उत्तरेकडच्या इन्व्हरनेस शहरातून ट्रेन पकडून परत फिरणं शहाणपणाचं ठरेल का, आणि रेनकोट कोणता घ्यावा.

रेनकोटचं आधी उरकते. चांगल्या शिवणीचा, मागून लांब असलेला कुठलाही घ्या. दोन तास चढ चढलात की महागातलं महाग जाकीटही आतून ओलं होणार, पावसाने नाही तर घामाने. कोरडं राहायचा हट्टच सोडा, अंगातली ऊब सांभाळा. अंगाला लागून मेरिनो लोकरीचा बनियन, सुती काहीही नको. बॅगेच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कोरडा जोड ठेवा आणि तो सायकलवर कधीही घालू नका. सकाळी कालचेच ओले कपडे चढवायचे. पहिली काही मिनिटं नको होतं, मग अंग तापतं.

आता ट्रेन. ‘इन्व्हरनेसहून ट्रेन’ हे शब्द वाचले आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण आमच्या घरात हा विषय अजून मिटलेला नाही.

ही सफर मी माझ्या मोठ्या भावासोबत सुरू केली होती. दादाने सगळं आखून ठेवलं होतं. रोजचे किलोमीटर, रोजची खोली, आगाऊ भरलेले पैसे आणि लंडनहून परतीचं विमान. शेवटचा मुक्काम आणि विमान यांच्यात हाताशी एकही मोकळा दिवस नव्हता. मी रजा लांब काढली होती आणि परतीचं तिकीट काढलंच नव्हतं. यावरून निघण्याआधीच आमचं वाजलं होतं. दादाचं म्हणणं, तारीख ठरली नसेल तर माणूस रेंगाळतो. माझं म्हणणं, हजार मैलांच्या रस्त्यावर वारा कुठल्या दिवशी कुठून येईल हे आपल्या वहीत लिहून ठरत नाही.

(रस्त्याने सरळ गेलं तर अंतर 874 मैल, म्हणजे साधारण 1,400 किलोमीटर. पण गाड्यांचे मोठे रस्ते टाळत जाणाऱ्या सायकलवाल्यांचे बहुतेकदा हजार मैल होतातच.)

बहुतेक लोक दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात, कारण तिथला नेहमीचा वारा नैऋत्येचा, म्हणजे पाठीवरचा. खरं आहे, पण ती सरासरी झाली. कमी दाबाचा पट्टा दक्षिणेकडून सरकला की वारा ईशान्येचा होतो आणि स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडच्या केथनेस भागातल्या उघड्या माळावर तो थेट तोंडावर येतो. तिथे आडोशाला झाडही सापडत नाही.

कॉर्नवॉल-डेव्हनचे छातीवर येणारे चढ, सॉमरसेटची सपाटी, वेल्सच्या सरहद्दीची गावं, कंब्रियातला शॅपचा चढ, हे सगळं व्यवस्थित झालं. पाऊस खरा लागला तो स्कॉटलंडमधल्या लॉक लोमंड तळ्याच्या पुढे. आपल्याला वाटतं पाऊस आपल्याला काय नवीन! पण आपला पाऊस उबदार असतो. सात-आठ अंशांतला, समोरून आडवा येणारा पाऊस हे प्रकरणच वेगळं. ओल्या अंगातली उष्णता कोरड्या अंगापेक्षा कितीतरी पटीने लवकर निघून जाते आणि वर वारा असतोच.

ब्रिज ऑफ ऑर्कीला मी म्हटलं, इथे थांबू, काहीतरी गरम पिऊ, वारा पडतो का बघू. दादा थांबला नाही, कारण फोर्ट विल्यममध्ये खोलीचे पैसे भरलेले होते. त्याच्या पुढे रॅनॉख मूर लागतं. साधारण साडेतीनशे मीटर उंचीवरचा पाणथळ माळ, काळं पाणी, दगड आणि मधून जाणारा एकच रस्ता. आडोसा कुठेच नाही. ग्लेन को दरीच्या तोंडाशी किंग्ज हाउस हॉटेल येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. तिथे पोचल्यावर दादाला हेल्मेटचं बक्कल काढता येईना. बोटं नुसतीच त्यावरून फिरत होती, चिमटीत काही येत नव्हतं. शेवटी मी ते काढलं. तो काहीतरी बोलत होता आणि शब्द जड, चिकट येत होते. नीट ऐकलं तर म्हणत होता, ‘चल, चल, उशीर होतोय.’

हे लक्षात ठेवा, तुमच्या रेनकोटपेक्षा हे महत्त्वाचं आहे. थरथर, बोटांतली ताकद जाणं, अडखळतं बोलणं आणि पुढे जायचाच हट्ट, ही हायपोथर्मियाची सुरुवात असते. शरीराचं तापमान 35 अंशांखाली गेलं की तो झालाच. त्या माणसाचं त्या वेळी ऐकायचं नसतं. मी त्याचे ओले कपडे काढायला लावले, कोरडा जोड घालायला लावला, सूप पाजलं, गोड चहा पाजला. थरथर थांबली तशी त्याने पुन्हा घड्याळ बघितलं. आज इथेच राहू म्हणून मी किती विनवलं, पण नाही. ग्लेन कोचा उतार उतरताना चढापेक्षा जास्त गारठायला होतं, कारण पाय चालत नाहीत आणि वारा दुप्पट लागतो. फोर्ट विल्यमला पोचलो ते तो तापाने फणफणूनच. दुसऱ्या दिवशी तसाच निघाला.

इन्व्हरनेसला हवामान खात्याचा अंदाज आला : परवा उत्तर किनाऱ्यावर वाऱ्याचा पिवळा इशारा (पिवळा, अंबर, लाल यांतला सर्वांत सौम्य). दादाने वही काढून हिशोब मांडला. एक दिवस थांबलं तर विमान चुकतं. तो एक दिवस देणं परवडत नव्हतं म्हणून त्याने उरलेले सुमारे 190 किलोमीटर सोडून दिले आणि दक्षिणेची गाडी पकडली. त्या सकाळी, त्या अंगाने आणि ते तिकीट खिशात असताना, तो निर्णय बरोबरच होता. ट्रेनला माझा अजिबात विरोध नाही. विरोध आहे तो घरात चार माणसं जमली की त्याच्या तोंडून येणाऱ्या वाक्याला : ‘पावसाने अडवलं, नाहीतर झालंच होतं.’ पाऊस माझ्यावरही तोच पडत होता.

मी केसॉक पूल ओलांडून निघाले, डॉर्नॉक, ब्रोरा करत हेल्म्सडेलला पोचले आणि इशाऱ्याच्या दिवशी तिथेच थांबले. त्याच्या पुढे ऑर्ड ऑफ केथनेसचा चढ आणि मग बेरीडेलची दरी आहे. खाली नदीपर्यंत उतरायचं आणि समोरच्या बाजूने तेरा टक्क्यांनी वर चढायचं. शेजारी समुद्र. वाऱ्याच्या दिवशी तिथे मालट्रकच्या बाजूने सायकल चालवण्यात मला काहीही मर्दुमकी दिसत नाही. मी उतरले होते त्या घराच्या मालकीणबाईंनी माझ्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि ते ओले झाले की स्वतः येऊन बदलले. पावसात हा एकच उपाय खरा चालतो; बूट शेगडीजवळ ठेवून तळ उचकटू देऊ नका. मी दिवसभर झोपले, जेवले, साखळी पुसून तेल दिलं. मागचे ब्रेकपॅड काढून बघते तर पार झिजलेले, रबरात रिमचे चंदेरी कण रुतलेले. ओल्या रस्त्यावरची बारीक रेती ते फार लवकर खाते. नवे बसवले. त्याच पॅडवर आदल्या दिवशी बेरीडेलचा उतार उतरले असते तर काय झालं असतं ते मी दादालाही सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी पाऊस होताच, पण वारा पडला होता. बेरीडेल, लिब्स्टर, विक. विकच्या पुढे 27-28 किलोमीटर राहतात. वॉर्थ हिलच्या वरून पेंटलंडची सामुद्रधुनी आणि स्ट्रोमा बेट दिसतं म्हणतात. मला करडा पडदा दिसला. तरीही तिथून खाली जाताना मी मोठ्याने ओरडत होते, हे सांगायला मला मुळीच संकोच नाही.

दादाचा मुद्दा असतो, ‘तू एक दिवस खोलीत बसलीस, मग सलग कुठे झालं?’ दादा, मायकेल ब्रॉडविथ या ब्रिटिश सायकलपटूने 2018 मध्ये हेच अंतर 43 तास 25 मिनिटं 13 सेकंदांत काटलं. विक्रमाला निघणारे लोकसुद्धा अनुकूल वारा मिळेपर्यंत निघत नाहीत. त्यांना कोणी रेंगाळणारे म्हणत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : नुसता पाऊस असेल तर सोडू नका. वारा असेल तर थांबा. आणि थांबता येईल असं आधीच करून ठेवा, निदान दोन-तीन दिवस शेवटी मोकळे. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्यामुळे बहुतेक मोकळ्या रानात तंबू टाकायचा हक्क आहे, त्यामुळे रोजची खोली आगाऊ घेऊन स्वतःला बांधून घ्यायची गरजच नाही.

काही गोष्टी राहिल्या. इशारा अंबर किंवा लाल असेल तर माझं वरचं काहीही धरून बसू नका, घरात राहा. एकटे असाल तर हाताची बोटं हीच तुमची खूण : अंगठा करंगळीला टेकत नसेल तर पहिल्या दारात शिरा. ए-9 या उत्तरेकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर पावसात मागचा दिवा दिवसाही चालू हवा. ती रहदारी नको असेल तर लेर्ग, ऑल्टनाहारा, बेटीहिल असा आतला रस्ता आहे, शांत आणि फार सुंदर, पण मैलोगणती आडोसा नाही, म्हणून गारठलेल्या माणसाने तिकडे वळू नये. गुरांसाठी रस्त्यात लोखंडी जाळ्या टाकलेल्या असतात, त्या ओल्या असताना ब्रेक न दाबता सरळ पार करायच्या.

आणि परतीची गाडी. विक किंवा थर्सोहून दिवसाला मोजक्याच गाड्या सुटतात आणि सायकलच्या जागा त्याहून कमी. ते आरक्षण विकला पोचल्यावर करा, घरून निघताना नाही. जागा मिळाली नाही तर तिथेच आणखी एक रात्र काढा.