आतल्या कोपऱ्यातला स्ट्रेस थांबत का नाही?

तुमचा प्रश्न फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिसचा आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्टचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून स्ट्रेस काढण्याचा. थोडक्यात असा: आयएस २०६२ ई२५० स्टीलचा एल ब्रॅकेट, एक पाय फिक्स, दुसऱ्यावर लोड. एलिमेंट ४ मिमीचे असताना आतल्या कोपऱ्यात १८२ मेगापास्कल आले, २ मिमीला २४९, १ मिमीला ३४१. टोकाचं डिस्प्लेसमेंट मात्र ०.६२ मिमीवर स्थिरावलंय. मग मेश (एलिमेंटांची जाळी) अजून किती बारीक करायचा?

तिथे अजिबात करू नका. तुमचेच आकडे बघा: साईज निम्मी केली की स्ट्रेस १.३७ पट, दोन्ही वेळा. इलॅस्टिक थिअरीत ९० अंशांच्या टोकदार आतल्या कोपऱ्यात स्ट्रेसला वरची मर्यादाच नसते. कोपऱ्यापासूनचं अंतर निम्मं झालं की तो २ च्या ०.४५५ व्या घाताइतका वाढतो, आणि तो घात म्हणजेच १.३७. विल्यम्स या संशोधकाने १९५२ साली हे गणित मांडलं. डिस्प्लेसमेंट स्थिर आहे, तेव्हा मॉडेलची स्टिफनेस ठीक आहे. चूक जॉमेट्रीत आहे.

खऱ्या पार्टला तिथे रेडियस असतोच. मेशआधी मॉडेलचं क्लीनअप करताना लहान म्हणून सगळ्यात आधी तोच उडवला जातो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही उडवला होता. कोपऱ्यातला लाल ठिपका (लाल म्हणजे जास्त स्ट्रेस, हिरवा म्हणजे कमी) बघून आम्ही प्लेट ६ ची ८ मिमी केली, आणि टेस्टमध्ये क्रॅक आला तो बोल्टच्या होलपाशी. तिथे अख्ख्या होलभोवती ८ एलिमेंट होते आणि रंग हिरवा दिसत होता, म्हणून कुणी पाहिलंच नाही. ते अजून मनाला लागून आहे.

तर फिलेट, म्हणजे कोपऱ्यातला तो रेडियस, परत आणा. ३ मिमी रेडियसचा पाव वर्तुळाचा कंस ४.७ मिमी लांब होतो. त्यावर निदान ६ सेकंड ऑर्डर एलिमेंट (ज्यांच्या कडांच्या मध्यावरही नोड, म्हणजे जोडबिंदू, असतात) बसवा, म्हणजे साईज साधारण ०.८ मिमी. तिथून बाहेर ग्रोथ रेट १.२ ठेवा (पुढचा एलिमेंट आधीच्याच्या १.२ पट), लांबचा भाग ४ मिमीवर राहू दे. मग फक्त कंसावर ६ चे १२ करून रन घ्या. पीक ५ टक्क्यांच्या आत बदलला तर मी थांबतो. अ‍ॅव्हरेज न केलेला स्ट्रेसही लावून बघा. शेजारच्या एलिमेंटांमध्ये मोठी तफावत असेल तर मेश अजून जाडच आहे.

४ नोडचे टेट (टेट्राहेड्रॉन, चार पृष्ठांचे एलिमेंट) असतील तर आधी ते बदला. त्यांच्यात स्ट्रेन अख्ख्या एलिमेंटभर एकच असतो, त्यामुळे वाकणारी प्लेट खोटी ताठ होते. १० नोडचे घ्या. शंका असेल तर होल असलेली रुंद प्लेट ताणून बघा. होलच्या कडेला नॉमिनलच्या (होलपासून लांबच्या स्ट्रेसच्या) ३ पट स्ट्रेस यायला हवा, हे किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ मध्येच काढून ठेवलंय.

फिक्स केलेल्या कडेलाही असाच न थांबणारा ठिपका येईल. तो वाचू नका.

हे सगळं बेंड केलेल्या ब्रॅकेटसाठी. दोन प्लेट वेल्ड केल्या असतील तर हिशोब वेगळा. तिथे वेल्डच्या टोवरचा (वेल्ड जिथे प्लेटला भिडतो त्या कडेवरचा) आकडा न घेता टोपासून प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे स्ट्रेस वाचतात आणि तिथून सरळ रेषेने टोपर्यंत जातात. तुमचा ब्रॅकेट बेंड केलेला आहे की वेल्ड केलेला, आणि प्लेट किती जाडीची, तेवढं कळवा.