रिपोर्ट निगेटिव्ह, मग कावीळ कशाची?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या चार वर्षांच्या मुलाला तीन आठवड्यांपूर्वी कावीळ झाली. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे रिपोर्ट निगेटिव्ह. 'कुठला तरी व्हायरस असेल,' एवढंच सांगितलं गेलं. २०२२ मध्ये परदेशात लहान मुलांना कारण न कळणारी कावीळ झाली होती, ती हीच का? ती कोविडच्या लशीमुळे होते असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. सासूबाई म्हणतात, गावी माळ घालून कावीळ उतरवतात, तिकडे नेऊ. एसजीपीटी आठशेवरून दोनशेवर आलाय, तरी जिवाला घोर आहे.
– एक आई, धायरी

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात एसजीपीटी आहे, पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते दाखवणारा आकडा) नाही, आणि मला तोच आधी हवा आहे. यकृताच्या पेशींना इजा होतेय हे एसजीपीटी सांगतो. रक्त गोठवणारे घटक मात्र यकृतच तयार करतं, म्हणून ते काम करतंय का, हे आयएनआरवरून कळतं. एसजीपीटी उतरतोय आणि आयएनआर चढतोय, अशी जोडी दिसली तर ती सुधारणा नव्हे. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायचं. मूल दिवसा पेंगतंय, रात्री जागं राहतंय, असंबद्ध बोलतंय, नाकातून रक्त येतंय, शी डांबरासारखी काळी होतेय, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका. तो खेळतोय, जेवतोय आणि आयएनआर नॉर्मल आहे, तर बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात.

परदेशातल्या साथीची पहिली खबर एप्रिल २०२२ मध्ये स्कॉटलंडहून आली. जुलैपर्यंत ३५ देशांतून १,०१० संभाव्य रुग्ण आणि २२ मृत्यू जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदले गेले. बहुतेक मुलं इतकी लहान होती की त्यांना कोविडची लस मिळालेलीच नव्हती, त्यामुळे तो मेसेज पुढे पाठवू नका. २०२३ मध्ये ब्रिटिश संशोधकांना बऱ्याच मुलांत एएव्ही-२ हा विषाणू सापडला. तो एकटा वाढू शकत नाही, त्याला अ‍ॅडिनोव्हायरससारखा सोबती लागतो. शिवाय आजारी पडलेल्या अनेक मुलांत एक विशिष्ट जनुकीय ठेवणही आढळली.

तुमच्या मुलाचं तेच आहे असं मी म्हणणार नाही. 'कुठला तरी व्हायरस' म्हणण्याआधी डेंग्यू, आधी घेतलेली औषधं (काढे आणि चूर्णंसुद्धा), शरीरात तांबं साठवणारा विल्सनचा आजार आणि ऑटोइम्यून हिपॅटायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते तो) तपासलेत का, ते विचारा. ए आणि ई ची तपासणी अगदी पहिल्या दिवशी झाली असेल तर पुन्हा करून घ्या.

कारण हाती लागायला कधी कधी वर्षं जातात. १९५५-५६ मध्ये दिल्लीच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि हजारो लोकांना कावीळ झाली. त्या रुग्णांचे जपून ठेवलेले नमुने १९८० च्या सुमारास तपासले तेव्हा कळलं, हा ए नाही, बी पण नाही. त्या कामात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ होते. पुढे त्याच विषाणूला 'ई' हे नाव मिळालं. तोवरही रुग्ण सांभाळले जातच होते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. माळ लांबली की कावीळ उतरली, असं मानतात; पण माळेच्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैलावतात, म्हणून ती लांबते. तिचा यकृताशी संबंध नाही. मला भीती आहे ती नाकात पिळायच्या रसाची, पोटात द्यायच्या मुळ्यांची आणि डाग देण्याची. आजारी यकृतावर हा भार नकोच. त्यांना काही करायचंच असेल तर नातवाला चार घास प्रेमाने भरवू दे. तेल, तूप, हळद तोडायची गरज नाही; वरण-भात, तूप, अंडं सगळं चालेल. गाडीवरचा उसाचा रस मात्र नको. तापासाठी पॅरासिटामॉलही विचारल्याशिवाय देऊ नका.

पाणी टँकरचं असो की नळाचं, खळखळून उकळा. हिपॅटायटिस ए ची लस सरकारी मोफत वेळापत्रकात नाही. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलांना ती खासगीत देतात. आत्ता ए निघाला नाही म्हणून पुढे होणार नाही असं नसतं, तेव्हा तो पूर्ण बरा झाला की तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या.